३१ मेनंतरचे घर : पेन्शन, पुंजी आणि आपली पुढची पिढी

महाराष्ट्रात सर्वाधिक सरकारी कर्मचारी कोणत्या दिवशी निवृत्त होतात, असे विचारले तर कोणताही जुना कारकून लगेच सांगेल : ३१ मे. शाळेत नाव घालताना आईवडिलांना जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. आपल्या वस्त्यांमधून पहिल्यांदा शाळेत गेलेल्या पिढीच्या दाखल्यांवर ही १ जून सर्रास सापडते. नियमाप्रमाणे महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस गावोगावच्या विहारांत, समाजमंदिरांत सेवापूर्ती सोहळ्यांची रांग लागते. बुद्धवंदना होते, शाल आणि बाबासाहेबांची प्रतिमा दिली जाते, जेवणावळ उठते. आम्हीही अशा सोहळ्यांना जातो, भाषणे करतो. साहेबांच्या त्यागावर आणि ताईंच्या साथीवर सगळे बोलतात. उद्यापासून या घराचा हिशेब कसा चालणार, यावर मात्र कोणी बोलत नाही.

हा विषय खासगी आहे, त्याचा चळवळीशी संबंध काय, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. गेल्या चाळीस वर्षांत आपल्या समाजात जे उभे राहिले, त्यातले बरेचसे पगारदार माणसाच्या खिशातून उभे राहिले. विहाराचा स्लॅब, १४ एप्रिलची वर्गणी, धम्म परिषदेची गाडी, पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाची खोली, गावातल्या पुतणीची फी. मासिकांचे आजीव सभासद कोण, तर शिक्षक, ग्रामसेवक, पोस्टातले, रेल्वेतले, बँकेतले, आयुध निर्माणीतले. हेच लोक निवृत्त झाल्यावर पेन्शन आली आणि चळवळीला मोकळा वेळ असलेले कार्यकर्ते मिळाले. पेन्शन ही आपल्या समाजाची एक संस्थाच होती, फक्त तिच्यावर फलक नव्हता.

या संस्थेला आता शेवटची तारीख आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही. आज सोहळे होत आहेत ते १९८०-९० च्या दशकात लागलेल्यांचे. त्यांच्यानंतर जुन्या पेन्शनचे मानकरी दरवर्षी कमी होत जातील.

एकाच घरात तीन प्रकारचे म्हातारपण

एक घर डोळ्यांसमोर आणू. वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त, जुनी पेन्शन. काका एसटीत होते, त्यांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, म्हणजे ईपीएस-९५. थोरला मुलगा २०१० साली शासकीय सेवेत लागला, त्याला राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, म्हणजे एनपीएस. धाकटा एका शासकीय कार्यालयातच बसतो, पण ठेकेदाराच्या हजेरीपटावर. आडनाव एक, विहार एक, पण म्हातारपण प्रत्येकाचे वेगळे.

वडिलांना शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के आणि त्यावर वाढत जाणारा महागाई भत्ता मिळतो. काकांचा हिशेब निराळा. ईपीएसमध्ये पेन्शनसाठी धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा २०१४ पासून १५ हजार रुपये आहे. त्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. आयुष्य स्टिअरिंगवर घालवले तरी या सूत्रातून साडेसात हजारांच्या आसपासच गाडी थांबते, आणि प्रत्यक्षात पुष्कळांना त्याहून फार कमी मिळते. महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ साली एक हजार ठरली, तिथेच आहे. या प्रश्नावर बुलडाण्यात डिसेंबर २०१८ पासून निवृत्तांचे साखळी उपोषण सुरू झाले. त्या मंडपात आपले किती वृद्ध बसले आणि आपल्या किती संघटनांनी तिकडे जाऊन पाठिंब्याचे पत्र दिले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

थोरल्याच्या खात्यात त्याचे १० टक्के आणि शासनाचे १४ टक्के जमा होतात. साठलेल्या रकमेचा किमान ४० टक्के भाग त्याने वार्षिकीत गुंतवायचा आणि त्यातून येईल ती पेन्शन घ्यायची. वार्षिकीला साधारणपणे महागाई भत्ता जोडलेला नसतो. मार्च २०२३ च्या ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ संपाने निदान प्रश्न ऐरणीवर आणला. त्यानंतर राज्याने सुधारित योजनेचा पर्याय आणला. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजना लागू केली : २५ वर्षे सेवा असल्यास शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, आणि दहा वर्षे सेवेवर किमान दहा हजार. ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची पण नियुक्ती नंतरची, अशांना राज्याने २०२४ मध्ये जुन्या योजनेत येण्याचा एकदाच पर्याय दिला. यातले काहीही आपोआप होत नाही. पर्याय लेखी द्यावा लागतो, मुदतीत द्यावा लागतो. आम्ही भेटलेल्या कित्येक तरुण कर्मचाऱ्यांना आपण कोणत्या योजनेत आहोत हेच सांगता आले नाही.

आणि धाकटा? त्याच्यासाठी चर्चाच नाही. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा मार्ग रुंद केला गेला. विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द झाला. निर्णय रद्द झाला, पद्धत नाही. कंत्राटी पदावर आरक्षण सुटते हे आपण प्रत्येक व्यासपीठावरून बोलतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याच दारातून पेन्शनही बाहेर जाते, हे आपल्या भाषणांत येत नाही. पेन्शनचा लढा कर्मचारी संघटनांचा आणि आरक्षणाचा लढा आपला, अशी वाटणी आपणच करून घेतली आहे.

हातात पडलेली रक्कम

निवृत्तांच्या घराकडे परत येऊ. आम्ही पाहिलेली सर्वांत मोठी पडझड पेन्शनमुळे नव्हे, पेन्शनसोबत एकदम आलेल्या रकमेमुळे झाली आहे. उपदान, रजा रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी, गटविमा, अंशराशीकरण. ज्या माणसाच्या बापाने आयुष्यात एकरकमी हजार रुपये पाहिले नाहीत, त्याच्या खात्यात काही महिन्यांत तीस-चाळीस लाख जमा होतात. आणि ते जमा झाल्याचे त्याच्या आधी गावाला कळते.

अंशराशीकरण, ज्याला सगळे ‘पेन्शन विकणे’ म्हणतात, ते नीट समजून घ्यायला हवे. समजा, मूळ पेन्शन ३० हजार आहे. तिचा ४० टक्के भाग, म्हणजे १२ हजार, विकता येतो. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला प्रचलित तक्त्यानुसार ८.३७१ हा गुणक लागतो. १२ हजार गुणिले १२ महिने गुणिले ८.३७१, म्हणजे बारा लाखांहून थोडे अधिक हातात. बदल्यात पंधरा वर्षे दरमहा १२ हजार कपात, म्हणजे एकूण २१ लाख ६० हजार. साध्या भाषेत हे साधारण पावणेनऊ टक्के व्याजाने घेतलेले कर्ज आहे. ते वाईटच असे नाही. महागाई भत्ता पूर्ण ३० हजारांवरच मिळत राहतो, पेन्शनर मध्येच गेला तर उरलेली कपात कुटुंबावर येत नाही, पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत होते. अंगावर बारा-चौदा टक्क्यांचे कर्ज असेल तर पेन्शन विकून ते फेडण्यात शहाणपण आहे. पण आम्ही काय पाहतो? विकलेल्या पेन्शनीतून पाचशे पानांची पंगत उठते, चारचाकी येते, नाहीतर धाकट्याच्या ‘बिझनेस’ला भांडवल जाते. पुढची पंधरा वर्षे त्या पंगतीचा हप्ता पेन्शनमधून कापला जातो.

रकमेमागोमाग माणसे येतात. पहिला येतो तो जामिनाचा हिशेब. पगारदार पतसंस्थेत भावाला, सहकाऱ्याला, साडूला जामीन राहिलेला माणूस निवृत्तीच्या महिन्यात त्यांचे थकलेले हप्ते बघत बसतो. मग येतो प्लॉटवाला. मग येतो बारा-पंधरा टक्के देणारा. तो बहुतेक वेळा आपलाच असतो, निळी डायरी घेऊन येतो, ‘जय भीम’ घालतो, बोलताना बाबासाहेबांच्या अर्थशास्त्राचा दाखला देतो. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी अशाच एका संस्थेत उपदानाची सगळी रक्कम ठेवली. व्याज अकरा महिने वेळेवर आले. बाराव्या महिन्यात कार्यालयाला कुलूप होते.

ही एकट्या गुरुजींची गोष्ट नाही. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या दारात तसाच गलका झाला. त्याच्या महिनाभर आधी टोरेस नावाच्या दुकानाने दर आठवड्याला परतावा देण्याच्या आमिषाने मुंबईत हजारोंना बुडवले. मराठवाड्यात ज्ञानराधा मल्टिस्टेटचे ठेवीदार कसे रस्त्यावर आले, ते बीडच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

या तिन्हींत फरक आहे आणि तो तरुणांनी घरी समजावून सांगावा. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक बुडाली, मग ती सहकारी का असेना, तर एका खातेदाराच्या एका बँकेतल्या सर्व ठेवींना मिळून, व्याज धरून, पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायटी यांच्या ठेवींना हे संरक्षण नाही. पाटीवर ‘अर्बन’, ‘मल्टिस्टेट’, ‘निधी’ काहीही असो, विचारायचा प्रश्न एकच : तुम्ही रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची बँक आहात का? टोरेससारख्यांना तर हाही प्रश्न विचारायची गरज नाही. आठवड्याला व्याज देणारा व्यवसाय जगात नसतो.

मग पैसे ठेवायचे कुठे? याचे उत्तर फारच कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते कोणी सोहळ्यात सांगत नाही. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना : साठ वर्षांवरील व्यक्तीला, आणि निवृत्तीची रक्कम गुंतवायची असेल तर ५५ नंतर निवृत्त झालेल्यालाही, कमाल ३० लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी, सध्या ८.२ टक्के. वीस लाख ठेवले तर दर तिमाहीला ४१ हजार रुपये. त्याखेरीज पोस्टाची मासिक उत्पन्न योजना, आणि वर्ष-दीड वर्षाच्या घरखर्चाइतकी रक्कम चांगल्या बँकेत. सगळे एका दिवसात गुंतवायची घाई नको. रक्कम आल्यावर पहिले सहा महिने कोणालाही ‘हो’ म्हणायचे नाही, एवढा एक नियम घराने पाळला तरी निम्मे संकट टळते.

धम्म काय सांगतो आणि दानाचे काय

पैशाचा विचार म्हणजे तृष्णा, असा एक गैरसमज आपल्याकडे उगाच पसरला आहे. भगवान बुद्धांनी गृहस्थांशी पैशाबद्दल अतिशय रोकठोक बोलणे केले आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा संकटकाळासाठी राखून. कोलियांच्या दीघजाणूला मेहनतीने मिळवण्याबरोबर मिळवलेले सांभाळणे, चांगल्या मित्रांची संगत आणि आवक-जावक तोलून जगणे सांगितले. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात कर्ज नसण्याचे सुख स्वतंत्र मोजले आहे. पंगतीसाठी पेन्शन विकणाऱ्याने हे सुत्त घरात एकदा मोठ्याने वाचावे.

आणि बाबासाहेब? ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ साली आला, १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. दर १ एप्रिलला रिझर्व्ह बँकेच्या स्थापना दिनी आपण हे अभिमानाने फॉरवर्ड करतो. पण रुपयाच्या घटत्या किमतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाच्या अनुयायांच्या घरात महागाईचा हिशेब होत नसेल, तर त्या फॉरवर्डला अर्थ काय?

नाजूक प्रश्न दानाचा आहे. नागपुरात १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले. आम्ही त्यापासून तसूभरही मागे जायला सांगत नाही. पण हिस्सा उत्पन्नाचा आहे, पुंजीचा नाही. दरमहा पेन्शनमधून विसावा भाग देणारा पेन्शनर वीस वर्षे देत राहतो. सोहळ्याच्या भरात माइकवर दोन लाख जाहीर करणारा पुढच्या वर्षी समितीला टाळू लागतो. असे घडताना आम्ही पाहिले आहे, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो. विहार समित्यांनीही निवृत्ताकडे एकरकमी रक्कम मागायची सवय सोडावी आणि आपला जमाखर्च लेखापरीक्षणासह फलकावर लावावा. ज्या समितीचा हिशेब दिसत नाही तिला नकार देणे म्हणजे अधम्म नव्हे.

माउलीच्या नावाचे कागद

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख मुख्यतः लिहायला घेतला, ती. साहेब गेल्यानंतर ताईंचे काय होते?

कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असते. म्हणजे सुरुवातीची काही वर्षे वाढीव दराने मिळाले तरी पुढे घराचे उत्पन्न जवळपास दोन पंचमांशाने घटते. पण तेही तेव्हा, जेव्हा कागद जुळतात. आपल्या घरांत ते जुळत नाहीत. सेवापुस्तकात माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत घरातले लाडके नाव. कोणी धर्मांतरानंतर नाव बदलले, कोणी आडनाव बदलले, राजपत्रात नोंद केली नाही. लग्न विहारात लागले, बौद्धाचार्यांनी प्रमाणपत्र दिले, ते फ्रेम करून भिंतीवर आहे, पण नोंदणी कार्यालयात नोंद नाही. नवरा असेपर्यंत यातले काहीच अडत नाही. तो गेल्यावर साठीतली बाई कोषागाराच्या पायऱ्या चढते, आणि तिथे तिला सिद्ध करावे लागते की चाळीस वर्षे ज्याचा डबा भरला तो तिचा नवरा होता.

कार्यकर्त्यांनो, यासाठी मोर्चा लागत नाही. एका रविवारी वंदनेनंतर विहारात टेबल टाका. प्रत्येक निवृत्त आणि निवृत्तीला आलेल्या उपासकाचे सेवापुस्तक किंवा पेन्शन आदेश, दोघांचे आधार, पॅन, पासबुक, विवाह नोंदणी समोर ठेवा आणि नावे अक्षरागणिक जुळवा. जोडीदाराचे नाव पेन्शन आदेशात आहे का, संयुक्त छायाचित्र आहे का, बँक खाते दोघांचे आहे का, पाहा. विवाह नोंदणी लग्नानंतर कितीही वर्षांनी करता येते.

नामनिर्देशन आणि वारसा यांतही गल्लत होते. ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले तो बँकेकडून पैसे घेऊ शकतो, पण म्हणून तो मालक होत नाही. ते वारसांचे असतात. स्वतंत्र बौद्ध वैयक्तिक कायद्याची मागणी आपण करतो, पण आज तरी बौद्धांना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियमच लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई यांचा समान वाटा होतो. ‘घर मुलाचे’ हे फक्त आपल्या तोंडात आहे, कायद्यात नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केलेले मृत्युपत्र चालते आणि नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी.

धाकट्याचे काय

तिशीपर्यंत स्पर्धा परीक्षा, मग कंत्राट, असे आयुष्य असलेल्या मुलाला ‘बचत कर’ म्हणणे सोपे आहे आणि थोडे निष्ठुरही. बारा-पंधरा हजारांत पुण्यात राहणाऱ्याला शिल्लक कुठली? तरीही आकडे सांगितलेच पाहिजेत. पंचविसाव्या वर्षापासून दरमहा दोन हजार, सात टक्के दराने, ५८ व्या वर्षी सुमारे ३१ लाख होतात. तेच पस्तिसाव्या वर्षी सुरू केले तर साडेतेरा लाख. दहा वर्षांत भरायचे राहिले फक्त दोन लाख चाळीस हजार, पण शेवटी फरक पडतो साडेसतरा लाखांचा. परीक्षेच्या ‘अजून एका प्रयत्ना’ची किंमत यातही मोजली पाहिजे, हे अभ्यासिकांत जाऊन सांगायला हवे.

अटल पेन्शन योजनेत अठराव्या वर्षी शिरणाऱ्याला महिना २१० रुपयांत, तिसाव्या वर्षी शिरणाऱ्याला ५७७ रुपयांत साठीनंतर पाच हजारांची पेन्शन मिळते. प्राप्तिकर भरणाऱ्यांना त्यात प्रवेश नाही. घरकामगार आई, नाक्यावरचा बिगारी, सफाई कामगार यांचे वय चाळिशीच्या आत असेल तर त्यांचे खाते जरूर उघडून द्या. पण भ्रम नको : महागाई सहा टक्के धरली तर तीस वर्षांनंतरचे पाच हजार आजच्या नऊशेहून कमी असतील. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन ज्योती विमा आणि २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बँक खात्यातूनच होतो. घरात एकच कमावता असेल तर हे आजच करावे. सत्तरी ओलांडलेल्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून द्यावे.

ठेकेदाराकडे असलेल्या मुलांनी आणखी एक पाहावे. पगारचिठ्ठीवर भविष्य निर्वाह निधीची कपात दिसते, पण ती खात्यात भरली जाते का? यूएएन क्रमांक घेऊन मोबाइलवर पासबुक तपासता येते. कपात होऊनही भरणा होत नसेल, तर ती थेट चोरी आहे, आणि तक्रार मूळ कार्यालयाविरुद्धही करता येते, कारण कायद्याने मुख्य नियोक्त्याची जबाबदारी सुटत नाही. एकट्याने तक्रार केली तर नोकरी जाते. तीस जणांनी एकत्र, युनियनच्या किंवा निदान वस्तीतल्या मंडळाच्या नावाने केली तर ठेकेदार आधी फोन करतो. येत्या ३१ मेच्या सोहळ्यांत हारतुऱ्यांच्या टेबलाशेजारी एक टेबल या पासबुकांसाठीही लागू शकते.